रेटिंग घसरतंय? आकडा झाकून खेळा, पण खेळणं थांबवू नका

टिळकवाडीकर: ऑनलाइन बुद्धिबळात रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, कोसळलं की जो तो एकच सल्ला देतो, महिनाभर ॲपच काढून टाक. मला हे पटत नाही. लिचेस काय, चेस डॉट कॉम काय, बुद्धिबळाच्या या दोन्ही साइटवर रेटिंग काढायला ग्लिको घराण्याचीच पद्धत आहे. तिथं रेटिंगसोबत त्याची अनिश्चितताही मोजतात. बरेच दिवस खेळला नाहीत की ती वाढते, आणि परत आल्यावर सुरुवातीच्या डावांत आकडा जास्तच उड्या मारतो. हात बसलेला नसला तर आणखी आपटी! त्यापेक्षा लिचेसच्या सेटिंगमध्ये जाऊन रेटिंग दिसणंच बंद करा. आकडा समोर नसला की "गेलेले गुण आत्ताच्या आत्ता परत आणतो" ही खुमखुमी कमी होते.

खानापूरचा घोडा: खडेबाजारातल्या दुकानदारानं उधारीची वही कपाटात टाकली म्हणून उधारी वसूल होत्या होय? रेटिंग पडतंय म्हणजे कुठंतरी चुकतंय. हरलेले डाव काढा, इंजिन, म्हणजे चुका दाखवणारा कॉम्प्युटर, लावायच्या आधी आपल्या डोक्यानं बघा. आपल्यासारख्यांचे डाव काही ओपनिंगच्या, म्हणजे पाठ केलेल्या सुरुवातीच्या, पंधराव्या खेळीवर जात नाहीत. घोडा फुकट जातोय, नाहीतर घड्याळ संपतंय. (पावसात लाईट जाऊन नेटवर्क बसलं आणि जिंकत आलेला डाव गेला, ते दुखणं वेगळं. त्याला आमच्या तालुक्यात औषध नाही.)

निपाणीची वजीर: तुम्ही दोघंही घसरण खरी आहे असं धरूनच भांडताय. बरोबरी सोडून द्या आणि तोडीस तोड खेळाडू धरा. सलग पाच डाव हरण्याची शक्यता 32 त 1. रोज रात्री डावांवर डाव ठोकणाऱ्याला अशी माळ अधूनमधून लागणारच. एलो या रेटिंगच्या जुन्या पद्धतीच्या हिशोबात तर 100 गुणांनी सरस असणाऱ्यालाही सरासरीनं 100 त 64 च गुण मिळतात. मग शंभराची घसरण झाली म्हणून डोक्याला हात कशाला लावायचा?

खानापूरचा घोडा: पाच डावांचं मान्य. पण एखादा तीन महिने उतरतच चाललाय, त्यालापण नशीबच म्हणायचं काय ताई?

टिळकवाडीकर: डाव तपासायला नको कोण म्हणतंय? पण रात्री साडेअकराला तीन मिनिटांचे ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव, खेळणारा माणूस हरल्यावर डाव तपासत नाही. तो पुढचा डाव लावतो. त्याचा अंगठा आवरायचा कसा ते सांगा की.

शहापूरचे काका: मी पोरांना शिकवतो, म्हणून बोलतो. पोरांपेक्षा पालकांनाच हा ताप जास्त. क्लासच्या दारात पहिला प्रश्न, "सर, आज किती झालं?" अहो, लिचेसवर नवा माणूस 1500 पासूनच सुरू होतो, आणि फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, मार्च 2024 पासून यादीतली किमान पातळीच 1400 केली. या दोन आकड्यांची तुलना करून पोराला रागावण्यात काय अर्थ आहे? बुद्धिबळासाठी झटणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीतून बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे पुढं आल्या, तेव्हा दर डावाला हलणारा आकडा कुणाच्या खिशात होता? माझा नियम साधा. सलग दोन डाव हरलास की त्या दिवशी ब्लिट्झ बंद, पट मांड. टिळकवाडीकर, आकडा झाकणं मोठ्यांना ठीक. लहान पोर शेजारच्या फोनवर जाऊन बघून येतंय.

टिळकवाडीकर: दोन डावांत बंद म्हणजे फारच कडक झालं काका. तिसरा डाव जिंकून झोपलेला माणूस सकाळी शहाण्यासारखा वागतो.

खानापूरचा घोडा: आणि तिसरापण हरला तर? चौथा? काकांचंच बरोबर आहे. रविवारी शहापुरात पट मांडा, बसनं येतो. पंधरा मिनिटांचा डाव, आणि झाल्यावर दोघांनी मिळून तो परत लावून बघायचा.

निपाणीची वजीर: तुम्ही मांडा खुशाल. पटावर हरलं की आठवडाभर गल्लीत ऐकावं लागतं. ॲपवर हरलेलं निदान घरात तरी कळत नाही.