सोलर आधी लावू की एनर्जी ऑडिट आधी? रबाळ्याचं छोटं युनिट

रबाळेकर_स्नेहल:
मंडळी, नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत आमचं औषधांच्या इंटरमीडिएटचं (औषध बनवताना मधे लागणाऱ्या रसायनांचं) छोटं युनिट आहे, बाबांनी उभं केलेलं, आता मी बघते. बॉयलर, चिलर, एक कॉम्प्रेसर. खर्च वाढतच चाललाय आणि रोज कुणीतरी सोलरवाला फोन करतो की शेड भरून पॅनल टाका, बिल संपलंच समजा. खरंच आधी सोलर घ्यावं का? आणि आमच्यासारख्यांना सरकारी मदत काही मिळते का?

ठाण्याचा_बॉयलरवाला:
स्नेहलताई, सोलर वीज देतं, वाफ नाही. तुमचा निम्मा खर्च बॉयलरच्या इंधनावर असेल तर पॅनलनं तो एक रुपयाही कमी होणार नाही. आधी स्टीम ट्रॅपनंतरचं (वाफेचं पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेनंतरचं) गरम पाणी कुठे जातं ते बघा, बहुतेक गटारात जात असेल. ते फीड टँकला (बॉयलरला पाणी देणाऱ्या टाकीला) परत आणा, बॉयलरला जाणारं फीडवॉटर 6 अंशांनी गरम झालं की साधारण 1 टक्का इंधन वाचतं. आणि रविवारी सगळं बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून मोबाईलवर वेळ लावा, 2 मिनिटं लोड (हवा भरतोय) आणि 6 मिनिटं अनलोड (नुसता फिरतोय) आला तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली 25 टक्के हवा नुसती गळतेय. याला एक पैसा लागत नाही.

अपर्णा_पवई:
वरचं अगदी बरोबर. मदतीचं म्हणाल तर बीईईची (केंद्र सरकारची ऊर्जाबचतीची संस्था) अदिती योजना (एडीईईटीआयई) जुलै 2025 ला सुरू झालीय, सूक्ष्म-लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजदरात 5 टक्के आणि मध्यमना 3 टक्के सूट, पण किमान 10 टक्के ऊर्जाबचत दाखवावी लागते. म्हणजे आधीचं मोजमाप नसेल तर दाखवणार काय? त्या मोजमापासाठी, म्हणजे एनर्जी ऑडिटसाठी, मेडाच्या (राज्याची ऊर्जा विकास संस्था) पॅनलवरची फर्म घ्या.
मला मनापासून वाटतं की हे काम कॉलेजांनी करायला हवं. अमेरिकेत 1976 पासून कित्येक वर्षं विद्यापीठांतल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी छोट्या कारखान्यांचं ऑडिट फुकट केलं आणि शिफारशी सगळ्यांना बघता येतील अशा डेटाबेसमध्ये टाकल्या. आपल्याकडे आयआयटी, व्हीजेटीआय, माटुंग्याचं आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), एवढं सगळं हाताशी आहे आणि टीटीसी बेल्ट (रबाळ्याचा औद्योगिक पट्टा) खाडीच्या पलीकडे! राज्याच्या 2020 च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात 17,360 मेगावॉटचं लक्ष्य ठेवलं, छानच, पण छोट्या कारखान्यात वाफेला किती इंधन जळतं याचे आकडे कोणी गोळा केले नाहीत तर पुढचं धोरणही विजेपुरतंच राहणार.

रबाळेकर_स्नेहल:
बापरे, गरम पाणी खरंच गटारात जातं, आत्ताच ऑपरेटरला विचारलं. मग सोलर अजिबातच नको का?

ठाण्याचा_बॉयलरवाला:
घ्या ना, पण नंतर. गळती थांबल्यावर तुमची मागणी कमी होईल, मग छोटी सिस्टीम पुरेल. शेडचे पत्रे पॅनलचं वजन पेलतील का तेही स्ट्रक्चरलवाल्याकडून बघून घ्या. आणि मंजूर भार 100 किलोवॉटच्या वर असेल तर 2022 च्या ग्रीन ओपन ॲक्सेस नियमांनुसार बाहेरूनही हरित वीज घेता येते, आधी ही मर्यादा 1 मेगावॉट होती, तेव्हा छोट्यांना तो रस्ताच नव्हता. बिलावरचा मंजूर भार किती ते टाका इथे, पुढचं सांगतो.