कपकेकवर क्रीमची फुले कशी काढावीत?

प्रश्न: लेकीच्या वाढदिवसासाठी घरी केलेल्या व्हॅनिला कपकेकवर गुलाब आणि शेवंती काढण्याची फार इच्छा आहे, मात्र उन्हाळ्यात बटरक्रीम पाकळीचा आकार धरून राहील का?

प्रतिसाद: केक पूर्ण गार झाल्यावरच क्रीम लावावे, कारण कोमट केकवर ते लगेच पाघळते. 100 ग्रॅम बटरला 200 ग्रॅम आयसिंग शुगर हे प्रमाण ठेवावे आणि दूध अगदी बेताने घालावे. गुलाबासाठी 1एम नोझल (क्रीमच्या पिशवीच्या टोकाला बसवायचे चांदणीच्या आकाराचे तोंड) मध्यावर उभे धरून बाहेरच्या दिशेने गोल फिरवत न्यावे. कडेकडून आत आल्यास गुलाबाऐवजी आइस्क्रीमसारखा उंचवटा तयार होतो.

प्रतिसाद: ताई, शेवंतीसाठी अर्धचंद्राकृती तोंडाचे 81 क्रमांकाचे नोझल घ्यावे, कडेची ओळ आधी काढावी आणि आतल्या पाकळ्या अधिकाधिक उभ्या कराव्यात. हाताच्या उबेनेही क्रीम सैल पडते, म्हणून पिशवीत थोडेच भरावे.

प्रतिसाद: नोझल नसल्यास मार्शमॅलो कात्रीने तिरके कापून त्यांची चिकट बाजू रंगीत साखरेत दाबावी, पाकळ्या सुरेख दिसतात. पाहुणे शाकाहारी असल्यास मात्र जिलेटिनविरहित (जिलेटिन प्राण्यांपासून मिळते) मार्शमॅलोच आवर्जून घ्यावेत.