डलसचं केंद्र चुकवू नका

वॉशिंग्टनमधल्या नॅशनल मॉल या मोकळ्या हिरवळीच्या पट्ट्यावरच्या विमान-अवकाश संग्रहालयाबद्दल बरंच बोललं जातं. त्याचंच दुसरं केंद्र, वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळापाशी असलेलं उडवार-हाझी, मला तरी जास्त आवडलं. 39 मोहिमा केलेलं डिस्कव्हरी हे अवकाशयान (स्पेस शटल) 2012 पासून तिथे आहे. त्याच्या उष्णतेपासून वाचवणाऱ्या काळ्या फरशा जवळून बघा: काही करपून राखाडी झालेल्या, मध्येच एखादी बदललेली, काळीकुळकुळीत. एसआर-71 ब्लॅकबर्ड हे अतिवेगवान हेरगिरी विमान 1990 मध्ये लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनपर्यंत 1 तास 4 मिनिटांत आलं, ते संग्रहालयाच्या ताब्यात यायलाच! हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं एनोला गे विमानही आहे, अगदी चकचकीत. त्याच्यासमोर सेल्फी काढणारे बघून कसंसंच झालं. प्रवेश फुकट, पार्किंगला मात्र पैसे. मुलं सोबत असतील तर अर्धा दिवस हाताशी ठेवा.