सुपर मारिओ ब्रदर्स: आठवे जग आपण कसे पार केले?

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ निन्टेन्डोने १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी आणला. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तो बऱ्याच उशिराने आणि त्या यंत्राची नक्कल असलेल्या स्वस्त टीव्ही गेममधून पोहोचला. आठ जगे, प्रत्येक जगात चार स्टेज, सुरुवातीला तीन लाइफ आणि खेळ साठवून ठेवण्याची कोणतीही सोय नाही, अशी त्याची रचना होती. पहिल्या दोन जगांच्या आठवणी सगळ्यांकडेच असतात, म्हणून येथे केवळ आठव्या जगाविषयी लिहावे अशी विनंती आहे. आधीच्या सात जगांत, किल्ला वगळता, स्टेजचा साधारण अर्धा भाग ओलांडल्यावर खेळाचा नायक मारिओ मेला तर पुढचा डाव मधूनच सुरू होतो; आठव्या जगात ती सवलत काढून घेतलेली आहे. आपण कुठे अडलात आणि कसे सुटलात, हे शक्य तितक्या बारकाईने सांगावे.

मिरजेहून

मी ८-३ मध्ये, म्हणजे आठव्या जगाच्या तिसऱ्या स्टेजमध्ये, अडलो होतो. १९९७ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या चाळीतील एका घरी टीव्ही गेम आला, आणि दुपारी मोठी माणसे झोपली की आम्ही पाच-सहा मुले आवाज बंद करून खेळायला बसत असू. नियम असा होता की लाइफ गेली की रिमोट पुढच्याच्या हातात द्यायचा. त्यामुळे ८-३ पर्यंत पोहोचणे हे सगळ्यांचे मिळून काम असे आणि तेथे मारिओ मेला की सगळ्यांचाच डाव बुडत असे.

या स्टेजमध्ये हातोडे फेकणारी कासवे जोडीजोडीने उभी असतात. आम्ही दूर थांबून हातोड्यांमधली फट शोधत असू, आणि तीच आमची चूक होती, कारण फार वेळ थांबले तर ती कासवे जागा सोडून आपल्यावर चालून येतात. शेवटी माझ्या धाकट्या चुलतभावाने वाट काढली. तो आमच्यात सर्वांत लहान असल्यामुळे त्याला रिमोट क्वचितच मिळत असे, पण सगळा वेळ तो फक्त पाहत बसलेला असे. त्याच्या लक्षात आले की विटांवरचे कासव उडी मारून वरच्या ओळीवर गेले की खालची वाट क्षणभर मोकळी होते, आणि कासव विटेवर उभे असताना खालून त्या विटेला टक्कर दिली तर ते तेथेच मरते. “दादा, थांबू नकोस, ते वर गेलं की पळ,” असे तो मला सारखे सांगत होता आणि मी त्याच्याकडे दुर्लक्ष करत होतो. ज्या दिवशी त्याचे ऐकले, त्या दिवशी आम्ही ८-४ चा काळा किल्ला पहिल्यांदा पाहिला. तेथे आमची शेवटची लाइफ काही क्षणांतच गेली, तरी त्याची खंत कोणालाच वाटली नाही.

नाशिकहून

आठव्या जगासाठी भरपूर लाइफ जमवून ठेवाव्यात, असे मी ठरवले होते. ३-१ च्या शेवटी पायऱ्यांवरून कासवे उतरतात. त्यांपैकी एकाचे कवच पायरीला भिडवून त्यावर नेमक्या लयीत उड्या मारत राहिले की एकेक लाइफ वाढत जाते. दहाच्या पुढे गेल्यावर आकड्याच्या जागी मुकुट दिसू लागला, तेव्हा मला फार आनंद झाला आणि मी बराच वेळ तेच करत राहिलो. पुढे एका खड्ड्यात पडलो आणि पडद्यावर थेट ‘गेम ओव्हर’ आले. खेळाच्या हिशेबात १२७ च्या पलीकडची संख्या ऋण धरली जाते, हे मला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला संगणकातील संख्यांची मांडणी शिकताना एकदम उमगले. त्या तासाला मला ३-१ च्या पायऱ्या डोळ्यांसमोर दिसत होत्या.

लातूरहून

आमच्याकडे २००६ च्या सुमारास लोडशेडिंगच्या दोन वेळांमध्ये जेवढी वीज मिळे, तेवढ्यातच खेळ संपवावा लागे. त्यामुळे १-२ मध्ये छतावरून चालत जाऊन चौथ्या जगात नेणारा पाइप गाठायचा आणि ४-२ मधील अदृश्य ठोकळे उघडे करून, वेलीवरून चढून थेट आठव्या जगात जायचे, ही एकच वाट मी पाठ केली होती. पाचवे, सहावे आणि सातवे जग मी आजतागायत पाहिलेले नाही.

मडगावहून

८-४ चा नकाशा माझ्या ताईने काढला होता, आणि मला त्याविषयी कृतज्ञतेने लिहायचे आहे. ४-४ आणि ७-४ हेही चक्रव्यूहच आहेत, पण तेथे योग्य वाटेने धावले की पुरते. ८-४ मध्ये नुसते पुढे धावत राहिले तर तोच भाग पुन्हा पुन्हा समोर येतो, चुकीच्या पाइपमध्ये शिरले तर पुन्हा सुरुवातीला यावे लागते, घड्याळ ४०० पासून उतरत असते आणि मारिओला मोठा करणारा एकही मशरूम आधार म्हणून मिळत नाही. ताईने भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येक पाइपला क्रमांक दिला, एका डावात एकच पाइप तपासायचा असे ठरवले आणि जो चुकीचा ठरेल त्यावर फुली मारली. हवेत उंचावर असलेला एक पाइप आम्हाला अनेक दिवस गाठता आला नाही. तेथे अदृश्य ठोकळा आहे हे मी चुकून मारलेल्या उडीमुळे कळले, आणि ताईने त्या जागी वहीत लाल पेनने चौकोन काढला. पुढे पाण्यातला भाग लागतो, आणि त्यानंतर ड्रॅगन. आठव्या जगात तो आगीबरोबर हातोडेही फेकत असतो. तो उडी मारून वर गेला की त्याच्याखालून धावत जाऊन, त्याच्या पायाखालचा पूल पाडणारी कुऱ्हाड गाठायची, एवढेच काम शेवटी उरते. ती वही माझ्याकडे अजून आहे.

ठाण्याहून

वरील सर्व अनुभव वाचताना एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘गेम ओव्हर’ झाल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबले, तर ज्या जगात आपण संपलो त्याच जगाच्या पहिल्या स्टेजपासून खेळ सुरू होतो. आमच्या टीव्ही गेमबरोबर माहितीपुस्तिका आलीच नव्हती, त्यामुळे हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळले. मी शाळेत असताना किमान तीन वर्षे प्रत्येक वेळी १-१ पासून सुरुवात करून आठव्या जगापर्यंत गेलो होतो. हे कळल्यावर मला खरोखर वाईट वाटले. मात्र १-१ मधील प्रत्येक विटेची जागा आज डोळे मिटूनही सांगता येते, ती त्यामुळेच.

टोरांटोहून

माझी अडचण ८-१ ची, म्हणजे दारातलीच होती. ही स्टेज लांब आहे, घड्याळ मात्र ३०० पासूनच सुरू होते, आणि तेथील काही खड्डे धावत उडी घेतल्याशिवाय ओलांडता येत नाहीत. लहानपणी आमच्या रिमोटवर टर्बोची दोन जादा बटणे होती आणि वेग वाढेल या समजुतीने मी कायम टर्बो बी वापरत असे. प्रत्यक्षात धावण्यासाठी बी दाबून ठेवणे पुरते; टर्बो ते नुसते सतत दाबते आणि सोडते, त्याने मारिओचा वेग अधिक वाढत नाही. या खेळात उडीची उंचीही वेगावर अवलंबून असते, आणि मी दरवेळी थोडक्यात खड्ड्यात पडत असे.

तीन वर्षांपूर्वी येथे मी जुने मूळ यंत्र विकत घेतले, कॅसेटचे पाय स्पिरिटने पुसले (लहानपणी आम्ही फुंकर मारत असू, आणि तिच्यातील ओलाव्याने ते गंजत असत) आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीबरोबर नव्याने सुरुवात केली. ८-१ तिने माझ्याआधी पार केली. मागच्या महिन्यात आम्ही कुऱ्हाडीपर्यंत पोहोचलो. त्यानंतर बी दाबून हवे ते जग निवडता येते आणि खेळ पुन्हा सुरू होतो, पण साध्या मशरूमसारख्या शत्रूंच्या जागी आता आगीने न मरणारे काळे किडे असतात. मुलीने पाचवे जग निवडले आहे, आणि सध्या आम्ही ५-३ मधील तोफगोळ्यांपाशी अडलो आहोत.