दूध संकलनाच्या डब्यातलं लिनक्स: सोर्स मागायचा की गप्प बसायचं?

कृष्णाकाठ (सांगली)

पलूस तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. संकलनाला त्यांच्याकडे एक डबा आहे. त्याला वजनकाटा आणि फॅट मशीन जोडलेलं. सभासदाचा कोड दाबला की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) आणि दर धरून पावती बाहेर येते. जुना प्रिंटर मेला म्हणून नवा यूएसबी थर्मल प्रिंटर आणला, तर डबा त्याला ओळखायलाच तयार नाही. कंपनीचं उत्तर: नवं मॉडेल घ्या.

डब्याच्या सिरियल पोर्टला वायर लावून पाहिलं. आत यू-बूट (यंत्र सुरू करणारा बूटलोडर), लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि बिझीबॉक्स (लिनक्सच्या छोट्या आज्ञांचा संच). तिन्ही जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतात. त्याची अट अशी की माल विकणाऱ्यानं त्यांचा सोर्स, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ कोड, द्यायचा. यूएसबी प्रिंटरचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आहेच, ह्यांनी कर्नल बांधताना तो घेतला नाही एवढंच. मॉड्यूल (कर्नलला नंतर जोडायचा तुकडा) मी बांधू शकतो, पण त्यासाठी ह्याच कर्नलचा सोर्स आणि कॉन्फिग फाइल (बांधताना काय काय घेतलं त्याची यादी) लागते, नाहीतर ते लोड होत नाही.

म्हणून कंपनीला मेल केला की कर्नल, बूटलोडर आणि बिझीबॉक्सचा सोर्स द्या. उत्तर आलं, "आमचं सॉफ्टवेअर प्रोप्रायटरी आहे, सोर्स मिळणार नाही." त्यांचं सॉफ्टवेअर मी मागितलंच नव्हतं!

माझं मत सरळ आहे. दुसऱ्याचा कोड घालून माल विकलात तर त्या कोडची अट पाळा, आणि न पाळणाऱ्याच्या मागे लागायला हवं. कोर्टात आधी नको, पण पत्र गेलंच पाहिजे. पटतंय का?

कुपवाडचा_कारखानदार

नाही पटत. मी अशाच जातीचा डबा बनवतो (तुमचा माझा नव्हे, आधीच सांगतो). बोर्ड शेन्झेनहून येतो. त्याच्याबरोबर एसडीके (बोर्डासाठीचा सॉफ्टवेअरचा संच) म्हणून एक झिप मिळते, त्यात कर्नल आयतं बांधलेलं. त्याचा सोर्स मलाच कुणी दिलेला नाही, तर मी कुठून देऊ? ज्यानं बोर्ड बनवला त्याला धरा. पाचसहा माणसांच्या युनिटनं जीएसटी, वैधमापन, बँकेचा हप्ता सांभाळायचा, आणि वर अमेरिकेतला परवाना वाचायला वकील ठेवायचा?

दुसरं म्हणजे, या मागे लागण्यातून निघालं काय ते बघा. २००७ पासून अमेरिकेत बिझीबॉक्सच्या वतीनं खटल्यांची रांग लागली. त्यातले एक फिर्यादी रॉब लँडली. पुढे त्यांनीच सांगितलं की या खटल्यांतून बिझीबॉक्सला वापरण्याजोगा कोड मिळाला नाही. मग त्यांनी बीएसडीसारख्या सैल (सोर्स द्यायची सक्ती नसलेल्या) परवान्याखाली बिझीबॉक्सला पर्याय म्हणून टॉयबॉक्स पुढे आणलं, आणि अँड्रॉइडनं तेच उचललं. खटले जिंकले आणि गिऱ्हाईक गमावलं.

कृष्णाकाठ

साहेब, "मलाच दिला नाही" हे कारण परवान्यानं आधीच बंद केलंय. दुसऱ्या आवृत्तीच्या तिसऱ्या कलमात तीन वाटा आहेत. मालाबरोबर सोर्स द्या. किंवा किमान तीन वर्षं चालेल असं लेखी वचन द्या, की मागेल त्याला प्रतीच्या खर्चात सोर्स देऊ. किंवा तुम्हाला मिळालेलं वचन तसंच पुढे सरकवा. ही तिसरी वाट फक्त बिगरव्यापारी वाटपाला आहे. तुम्ही बिल फाडून विकता, म्हणजे जबाबदारी तुमची. शेन्झेनवाल्याशी तुम्ही वेगळं भांडा.

खर्चाचं म्हणाल तर बिल्डरूटवर (अशा डब्यांसाठी लिनक्स बांधून देणारं साधन) बांधत असाल तर "मेक लीगल-इन्फो" एवढी एकच आज्ञा आहे. परवान्यांची यादी आणि सोर्स एका फोल्डरमध्ये येऊन पडतो. वकील लागत नाही.

आणि निघालं काय म्हणता? लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी राउटर आठवा. २००३ साली लोक मागे लागले म्हणून त्याचा सोर्स बाहेर आला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. कंपनीनं सोडून दिलेले राउटर लोक आजही त्यावर चालवतात.

तासगावकर

मी दूध धंद्यातला माणूस, कोड मला कळत नाही. पण एक विचारतो. डब्यातला सोर्स उघडा झाला तर उद्या कुणीही पोरगं फॅट ३.५ चं ४ करून दाखवील. किंवा उलटं, संस्थेचाच कुणीतरी शेतकऱ्याची फॅट खाली ओढील. सकाळी रांगेत उभं राहून पॉइंटच्या फरकावरून हमरीतुमरीवर आलेली माणसं मी बघितली आहेत. वजनकाट्याला वैधमापनचं सील असतं ते कशासाठी? तुम्ही सीलच्या आतलंच वाटायला निघालात.

कुपवाडचा_कारखानदार

तासगावकर, लाख बोललात.

फर्मवेअरवाला (मूळ मिरज, सध्या पुणे)

भीती खरी आहे, पण ती वेगळ्या फाइलीत राहते. फॅटवरून दर काढणारा, पावती छापणारा प्रोग्राम कंपनीचा स्वतःचा. तो कर्नलवर चालतो म्हणून जीपीएलखाली येत नाही. कर्नलच्या परवान्याच्या सुरुवातीलाच टीप आहे की सिस्टिम कॉलमधून (कर्नलला काम सांगायची ठरलेली वाट) कर्नलची नेहमीची सेवा घेणारा प्रोग्राम त्यातून निपजलेला धरायचा नाही. तेव्हा दराचं सूत्र झाकलेलंच राहतं. कृष्णाकाठ मागतोय तो पाया, ज्यातलं बहुतेक सगळं इंटरनेटवर आधीच पडलेलं आहे.

कंपनीला डब्यावर फक्त आपली डिजिटल सही असलेलं फर्मवेअर (यंत्रात भरलेलं सॉफ्टवेअर) चालू द्यायचं असेल तर काय? टिवो नावाच्या टीव्ही रेकॉर्डरनं हेच केलं होतं: सोर्स देत होते, पण बदललेला कोड यंत्र चालवत नव्हतं. त्यावर तोड म्हणून जीपीएलच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत अट आली, पण ती घरगुती वापराच्या वस्तूंना. संस्थेचा डबा त्यात बसेल असं मला वाटत नाही. शिवाय कर्नल दुसऱ्याच आवृत्तीवर राहिलं. दुसऱ्या आवृत्तीत बांधणीच्या आणि इन्स्टॉलच्या स्क्रिप्ट द्या असं म्हटलंय. त्यात सहीची किल्ली येते का, यावर जाणकारांतही वाद आहे.

फॅटमधली गडबड म्हणाल तर ती करायला सोर्स लागत नाही. सेन्सरच्या वायरीत आणि कॅलिब्रेशनच्या मेनूत ती पूर्वीपासून होते, हे दूधवाल्यांना मी काय सांगायचं!

(थोडं कृष्णाकाठलाही. तुझा मॉड्यूल सही तपासणाऱ्या कर्नलवर चालणारच नाही. ते आधी बघ.)

काळा_कोट (सांगली)

कायद्याचं बोलतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत धरला जातो. परवान्याची अट मोडली की परवानगी संपते. दुसऱ्या आवृत्तीच्या चौथ्या कलमात ती आपोआप संपते असंच लिहिलंय. तिसऱ्या आवृत्तीत थोडी सवलत आहे: पहिल्यांदाच नोटीस आली आणि ३० दिवसांत सुधारणा केली तर परवाना परत मिळतो. अमेरिकेत २००८ साली जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात वरच्या कोर्टानं मानलं की अशा अटी मोडणं हा कॉपीराइटभंग ठरू शकतो. वाद होता मॉडेल रेल्वे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा!

पण कृष्णाकाठ, तुमच्या हातात काय? कॉपीराइट कर्नल लिहिणाऱ्यांचा, संस्थेचा नाही. ग्राहकालाही सोर्स मागायचा हक्क आहे, असा दावा सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेनं २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात विझिओ या टीव्ही कंपनीवर लावला, तोही कराराच्या कायद्याखाली. आपल्याकडे करारात नसलेल्या तिसऱ्या माणसाला कोर्ट सहसा उभं करत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी करू नये, ती म्हणजे पोलीस ठाणं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड आहे, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र ठरवलाय. हे हत्यार प्रिंटरच्या भांडणात निघालं तर उद्या त्यावर खंडणी उकळणारेही निघतील. जर्मनीत कर्नलच्या एका जुन्या लेखकावर पैशासाठी दावे लावत सुटल्याचा आरोप झाला, तेव्हा २०१६ मध्ये नेटफिल्टरच्या (कर्नलमधला फायरवॉलचा भाग) त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला बाजूला काढलं.

कृष्णाकाठ

पोलिसांत जायचं माझ्या डोक्यातही नाही. कन्झर्व्हन्सी आणि एफएसएफ (जीपीएल लिहिणारी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन) यांनी २०१५ मध्ये जी तत्त्वं लिहून काढली त्यांत कोर्ट शेवटी आणि पैसा कधीच मुख्य नाही, हेच आहे. पण मागणीच करायची नाही, हे मला मान्य नाही. हक्क माझा नसेल तर कर्नलवाल्यांना कळवीन. त्यांनी काय करायचं ते त्यांचं.

वाळव्याचा_सचिव

आमी संस्थाच चालवतो. सोर्सबिर्स नको बगा, आमाला पावती पायजे. सकाळी लाइन लागती, तवा कुणाचा परवाना कुणाकडं हे सांगत बसू काय? पर एक खरं हाय. पुढच्या येळी डबा घेताना कोटेशनमधीच लिवून घेणार, की दुसरा प्रिंटर चालला पायजे आन् सोर्स देतो असं लेखी दिलं पायजे. जो देईल त्याचाच डबा.

काळा_कोट

सचिवसाहेबांनी सगळ्यात पक्की वाट सांगितली. खरेदीच्या अटीत आलं की तो तुमचा स्वतःचा करार होतो, तिथं कर्नलवाल्यांची वाट बघायला नको.

कुपवाडचा_कारखानदार

म्हणजे शेवटी बोजा आमच्याच डोक्यावर. सगळ्या संस्था असं लिहायला लागल्या तर मी पुढचं मॉडेल झेफर किंवा फ्रीआरटीओएस या जीपीएल नसलेल्या छोट्या सिस्टिमवर नेतो. सोर्स मागायचा प्रश्नच मिटला. मग तुमच्या चळवळीला काय मिळालं?

कृष्णाकाठ

न्या की. पण झेफर अपाची २.० या परवान्याखाली आहे आणि फ्रीआरटीओएस एमआयटीखाली. सोर्स द्यायचा नसला तरी परवान्याचा मजकूर (आणि एमआयटीत कॉपीराइटची नोंदही) मालाबरोबर तिथंही द्यावाच लागतो. आज तुमच्या डब्याच्या मॅन्युअलमध्ये असलं एक तरी पान आहे का?

कुपवाडचा_कारखानदार

मॅन्युअल कोण वाचतंय हो. बघतो.