एक्का, मुहूर्तमेढ की आढे?

रत्नागिरीहून विचारणा

आम्ही बारा मित्र दर ऑक्टोबरात, भातकापणीच्या धांदलीतच, एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या हंगामाआधी फँटसी बास्केटबॉलचा ड्राफ्ट करतो. खऱ्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड करून प्रत्येकाने आपला संघ बांधायचा आणि खऱ्या सामन्यांतील त्यांच्या कामगिरीवर आपला जय-पराजय ठरायचा, असा हा खेळ आहे. पहिल्या फेरीत हाती आलेला मोठा खेळाडू पाहून पुढचा सगळा संघ निवडला जातो. अशा खेळाडूला ‘हुकमाचा एक्का’ म्हणणे योग्य आहे का? शिवाय, गुण, रिबाउंड, असिस्ट अशा ज्या नऊ रकान्यांत संघांची तुलना होते, त्यांपैकी एखादा मुद्दाम सोडून देण्याच्या डावपेचाला ‘पंट’ म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणावे?

मालवणहून

एक्का आपला हात जिंकून मोकळा होतो; बाकीची पाने कोणती असावीत, हे तो ठरवत नाही. मी ‘मुहूर्तमेढ’ सुचवेन, कारण पहिली निवड म्हणजे मांडवाची पहिली मेढच.

देवरुखहून

मुहूर्तमेढ पहिली असते हे खरे, पण तिचा मान मुहूर्तापुरता असतो. मांडवाचा भार इतर मेढींवरही तेवढाच येतो. मला ‘आढे’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. कौलारू घराचे दोन्ही बाजूंचे वासे आढ्यावर टेकतात, आणि आढ्याची उंची ठरली की छपराचा उतार व वाशांची लांबी तिच्यावरूनच निघते. वासे आधी कापून मग त्यांना साजेसे आढे शोधणारा सुतार मी तरी पाहिलेला नाही.

एनबीएतील निकोला योकिचचे उदाहरण घ्या. 2024-25च्या हंगामात त्याची सामन्यागणिक सरासरी 29.6 गुण, 12.7 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) आणि 10.2 असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) अशी होती. सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या जागी खेळणाऱ्याकडून इतके असिस्ट मिळत असल्यामुळे त्याला ड्राफ्टमध्ये घेणाऱ्याला पास देणाऱ्या गार्डमागे धावण्याची घाई नसते. उलट योकिच ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याची फेक अडवणे) फारसे करत नाही, म्हणून ती उणीव दुसऱ्याकडून भरून काढावी लागते. बारा जणांच्या नागमोडी क्रमात, म्हणजे दर फेरीला क्रम उलटत असताना, पहिली निवड करणाऱ्याची पुढची पाळी थेट 24वी असल्याने हा हिशेब आधीच मांडून ठेवावा लागतो.

‘पंट’साठी मराठीत तयार वाक्प्रचार आहे: पाणी सोडणे. यानिस अँटेटोकुंपो सामन्याला दहाच्या आसपास फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकी) घेतो आणि त्यांतले बरेच चुकवतो. टक्केवारी साऱ्या संघाच्या फेकींवरून निघत असल्याने त्याच्या एकट्याच्या चुकांनी तो रकाना बुडतो. मग शहाण्याने फ्री थ्रोवर पाणी सोडावे आणि रुडी गोबेरसारखे, त्याच रकान्यात कच्चे म्हणून इतरांनी मागे ठेवलेले खेळाडू घ्यावेत; रिबाउंड आणि ब्लॉक स्वस्तात पदरी पडतात. मात्र ‘पाणी सोडणे’ आणि ‘पाणी फिरणे’ यांत गल्लत नको. दान देताना हातावर पाणी सोडतात, तसे पहिले आपण होऊन केलेले असते. दुसरे आपल्यावर येते. ऐन पाळीला वीज गेली आणि यंत्राने भलताच खेळाडू निवडला, तर बेतावर पाणी फिरले म्हणावे.

मालवणहून

आढे पटले. आढे जायबंदी झाले, तर ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ म्हणता येईल का?

देवरुखहून

नाही. दिवस पालटल्यावर आपलीच माणसे उलटतात, असा त्या म्हणीचा अर्थ आहे. येथे वासे बिचारे जागच्या जागी असतात. फक्त ज्या उतारासाठी ते कापले, तो उतारच उरत नाही.

रत्नागिरीहून

आभार. एक अडचण उरते. पाळीऐवजी बोली लावून खेळाडू घेण्याच्या लिलावाच्या प्रकारात, प्रत्येकाला ठरवून दिलेल्या 200 डॉलरांतले बहुतेक दोनच मोठ्या खेळाडूंवर उधळता येतात, आणि दुपाखी घराला आढे एकच असते. तेथे आम्ही ‘दोन खांबी संघ’ म्हणू.