व्हीपीएसवर लिनक्स डेस्कटॉप: लॉगिन होतं आणि पडदा काळा – मदत हवी आहे

मंडळी, तीन रात्री यात गेल्या, आता तुम्हीच काही सुचवा.

माझं टायपिंग-डीटीपीचं छोटं काम आहे. दुकानात एक कॉम्प्युटर, घरी जुना लॅपटॉप. दुकानात अर्धवट सोडलेली फाईल रात्री घरी तशीच उघडी सापडावी, पेनड्राइव्ह खिशात घालून हिंडायला नको, एवढ्यासाठी व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर घेतला. २ जीबी रॅम, उबुंटू २२.०४. त्यावर डेस्कटॉप चालवायचा आणि विंडोजच्या ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’मधून आत शिरायचं, असा बेत.

आधी ग्नोम हा जड डेस्कटॉप टाकला. बिचारा सर्व्हर धापा टाकायला लागला. मग एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आणि विंडोजमधून त्याला जोडून देणारं एक्सआरडीपी टाकलं, एका व्हिडिओत पाहून होम फोल्डरमध्ये डॉट-एक्ससेशन नावाची फाईल केली, तिच्यात एकच ओळ: ‘एक्सएफसीई४-सेशन’. फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडला.

आता जोडणी होते, लॉगिनची खिडकी येते. पासवर्ड टाकला की पडदा काळा, आणि दोन-तीन सेकंदांत सगळंच बंद. पासवर्ड मुद्दाम चुकवला तर चुकला म्हणून सांगतं, म्हणजे तिथवर गाडी रुळावर आहे. एसएसएच, म्हणजे दुरून कमांड देण्याची सुरक्षित जोडणी, मस्त चालतं. सर्व्हर रीस्टार्ट केला, एक्सआरडीपी काढून पुन्हा टाकलं, ढिम्म फरक नाही. सर्व्हरवाल्यांना विचारलं तर ‘डेस्कटॉप आमच्याकडे येत नाही’ म्हणाले.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १
सर्व्हरवर व्हार-लॉग फोल्डरमध्ये एक्सआरडीपी-सेसमनचा लॉग (नोंदींची फाईल) असतो, त्याच्या शेवटच्या वीसेक ओळी बघा. आणि एक सांगा, ही सगळी खटपट रूटने (सर्वाधिकारी युजरने) केलीत की स्वतःच्या युजरने?

धागाकर्ता
रूटने. स्वतःच्या युजरला रूटचे अधिकार मिळायला दर वेळी सुडो कोण टाइप करणार! डेस्कटॉपला मात्र माझ्या युजरने लॉगिन करतोय. लॉगमध्ये लिहिलंय की विंडो मॅनेजर ० सेकंदांत बंद पडला, कॉन्फिगमध्ये घोळ असू शकतो.

प्रतिसाद १
मग सापडलं. तुमची फाईल रूटच्या होममध्ये बसली आहे, तुमच्या युजरच्या होममध्ये नाही. तिथे ती नसली की सिस्टिम आपल्या मनाने डीफॉल्ट सेशन उचलते, आणि तुम्ही आधी ग्नोम टाकलाय म्हणजे बहुधा तोच. स्वतःच्या युजरने एसएसएच करा, तीच फाईल तिथे बनवा, एक्सआरडीपी रीस्टार्ट करा. फाईल रूटकडून कॉपी केलीत तर मालकीही बदला.

प्रतिसाद २
ते होईल, पण ३३८९ जगाला उघडा ठेवलाय ते आधी बंद करा. या पोर्टवर पासवर्ड ठोकून बघणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात. लॉगिनच्या नोंदींचा ऑथ-लॉग उघडून बघा, झोप उडेल.

एसएसएचचं टनेल करा, म्हणजे रिमोट डेस्कटॉपची जोडणी एसएसएचच्या आतून न्या. विंडोज १० मध्ये एसएसएच असतंच: एसएसएच, मग मोठ्या एलचा पर्याय (-L), ‘३३९०:लोकलहोस्ट:३३८९’, पुढे युजर आणि सर्व्हरचा आयपी. नंतर रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘लोकलहोस्ट:३३९०’ टाका. आपल्या बाजूला मुद्दाम ३३९०, कारण लोकलहोस्टवर ३३८९ दिला की विंडोजला वाटतं तुम्ही याच मशीनला जोडताय, आणि ते नकार देतं.

फायरवॉलला हात लावताना एसएसएचचा पोर्ट २२ उघडा आहे ना ते दोनदा बघा. मी एकदा २२ ला परवानगी न देताच यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू केलं आणि स्वतःच्याच घराबाहेर उभा राहिलो. पॅनेलमधला वेब कन्सोल होता म्हणून वाचलो.

धागाकर्ता
आला! उंदराचं चित्र असलेला एक्सएफसीईचा डेस्कटॉप आला!! टनेलही झालं, ३३८९ बंद केला. दुकानात खिडकी नुसती बंद केली, लॉगआउट केलं नाही, आणि घरी येऊन जोडलं तर कर्सर त्याच ओळीवर लुकलुकत होता.

आता नवीनच. लिब्रेऑफिसमध्ये मराठी फाईल उघडली की नुसते चौकोन. फाईल बिघडली का?

प्रतिसाद १
फाईलला काही झालेलं नाही. सर्व्हरच्या उबुंटूत देवनागरी फाँट नसतात. ‘फाँट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज टाका, लिब्रेऑफिस बंद करून उघडा. लग्नपत्रिकेचे फाँट मात्र दुकानातूनच न्यावे लागतील, होममध्ये डॉट-फाँट्स फोल्डर करून त्यात ठेवा.

धागाकर्ता
चौकोन गेले. उद्या सकाळी दुकानातून बघतो, पत्रिका अडकून पडल्यात.